दुसरा बसंना

तीनचाकी आमची. मागं हौदा, पुढं एकच दिवा,
कागदावर साल एकोणसत्तरचं.
बाबांनी गोकाकच्या लिलावात घेतली
तेव्हापासून संकेश्वरात मिरचीच वाहते.
फटीफटीत लाल भुकटी इतकी
की धुतली तर गटार तिखट होतं.

पहिला पडतो. तिसरा पडतो.
दुसरा टाकला की चार हात जाते
आणि खट्ट. सुटला.
इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी आपली घरंगळते.
म्हणून मी मूठ धरून ठेवते,
बाजारपेठेपासून डंकापर्यंत, चढ संपेतो,
डावं मनगट पिळलेलं,
जसं कुणी लुगडं पिळता पिळता विसरून गेलंय.

परवा डंकावर उशीर झाला. का म्हणून विचारलं.
म्हटलं, दुसरा बसंना.
देठ खुडणाऱ्या बायका हात थांबवून हसल्या,
"पैला तरी कुठं बसला होता गे तुझा!"
मीही हसले. खोटं नव्हतं त्यांचं.

इमामसाब नदाफ हायवेच्या पुलाखाली बसतो.
नव्या रिक्षा त्याच्याकडं जात नाहीत,
गेल्याच तर तो घेत नाही.
पाच मिनिटं इंजिन ऐकत बसला. मग शिंकला.
मग आणखी तीनदा.
"गाडी हाय का ठेचा, अक्का?"

पोरगा म्हणाला, पेटी खोलूया,
आतला क्रॉस झिजला असणार.
"पेटी खोलायला अक्कल लागत नाही गा,
खरं आधी केबल बघ."

केबली दोन. एक ओढते तेव्हा दुसरी सोडते.
मुठीवरचे आकडे कधीच पुसलेत,
खाली पेटीचा हिशेब पेटीपाशी.
"वर तू दोन म्हणतीस, खाली ती दीड ऐकती.
दीडावर कुणाचं पोट भरतंय?"

दिव्याची वाटी काढली.
आत कोळ्याचं घर, हुक्केरीचं एक तिकीट,
आणि केबलीच्या नळीचं तोंड जिथं टेकतं
तिथं पोतं शिवायच्या दाभणाचा तुकडा,
वाकवलेला, सुतळी गुंडाळून वर मेण.

बाबांचं काम.
बहुधा रात्री, गडहिंग्लजच्या बाजूला कुठंतरी,
घर गाठण्यापुरतं.
आणि मग पंधरा वर्षं तसंच.

इमामसाबनं तळहातावर घेऊन उन्हात धरला.
"चुकीचं हाय," म्हणाला.
विडी पेटवली.
"खरं बरं केलंय."

नव्या नळ्या, बोटानं भरलेलं ग्रीस.
आधी खाली पेटी न्यूट्रलला, चाक मोकळं फिरेतो.
मग वर मूठ न्यूट्रलला.
मग दोघींना तसंच धरून तारा ताणल्या,
ढिल्या नाहीत, ताठ नाहीत,
नखानं वाजवून, कान जवळ नेऊन.
"ऒंदु," तो म्हणाला. पोरानं चाक फिरवलं.
"एरडु."
बसला. डब्याचं झाकण लागावं तसा आवाज.
तिसरा त्यानं मोजलाच नाही.

पैसे देताना दाभणाचा तुकडा मागितला.
तोवर तो एका लुनाच्या स्टँडला लागून
निडसोशीच्या रस्त्याला गेलासुद्धा होता.

संध्याकाळी आठ पोती. तोच चढ.
दुसरा टाकला. चार हात गेली, दहा गेली,
पानपट्टी गेली, हायस्कूलचं फाटक गेलं.
सोड आता, म्हणते मी हाताला.
ऐकत नाही.
देवळापाशी उतार लागला तेव्हा बघितलं,
बोटं पांढरी पडलेली,
आणि गाडी केव्हाची
आपली आपण चाललेली.